चाच्यांनी दिलेली देगची

अण्णा, तुम्ही आयुष्यात कधीच जहाजावर चढला नव्हतात. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं झाली, तरी हे वाक्य लिहिताना तुम्ही समोर बसून भुवया उडवताय असं वाटतं. उडवा. मी आता ऐकणार नाही.

आपल्या स्वयंपाकघरात मधल्या फळीवर एक तांब्याची देगची होती. आई तिच्यात कधी रांधत नसे, पण दर वर्षी कल्हई मात्र करून घेई. काठाखाली वळणावळणाची अक्षरं कोरलेली. तुमचा धंदाच तो. औरंगाबादेत भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून नावं घालायची, छोटी छिन्नी, छोटी हातोडी, दिवसभर टकटक. लग्नसराईत लोक तुम्हाला घरी बोलावत, मुलीला द्यायच्या भांड्यांचा ढीग पुढ्यात ठेवत, आणि तुम्ही तिथंच बसून एकेकावर नाव कोरत. मराठी असो की उर्दू, हात सारखाच चाले, कारण निजामाच्या राज्यात तुमची शाळा उर्दूत झाली होती. माझी झाली अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर, निजामाचं राज्य गेल्यावर, मराठीत. त्यामुळे देगचीवर काय लिहिलंय असं मी विचारलं, तेव्हा तुम्ही काहीही सांगू शकत होतात. "अरबी हाय ते. मी जहाजावर व्हतो तवा चाच्यांच्या सरदारानं दिली," असं तुम्ही म्हणालात आणि मला ते खरंच वाटलं.

मग काय, रोज जेवताना चाचे. सरदार म्हणेल तेच खरं, कैद्यांना फळीवरून समुद्रात चालायला लावायचं, सोनं बेटावर पुरायचं, आणि जहाजावर रोज कोंबडी. पुढं मी इतिहासाची शिक्षिका झाले आणि वाचनालयात बसून तुमचं एकेक प्रकरण तपासलं. एखाद्या फौजदाराला लाज वाटावी इतक्या संशयानं तपासलं. फळीवरून चालवणं जवळजवळ सगळं गोष्टीतलंच. सोनं पुरून ठेवण्याइतका धीर त्यांना नव्हता, मिळालं की बंदरात उडवत. सरदाराला बरेचदा खलाशीच निवडत आणि नको झाला की उतरवतही. कुणाचा हात-पाय गेला तर त्याला किती द्यायचं हे आधी लिहून ठेवत. आणि कोंबडी कसली, किडे पडलेली बिस्किटं, कुबट पाणी आणि ताप. मी नोकरीला लागल्यावर तुम्हाला मुंबईला नेलं ते आठवतं? चौपाटीवर ओहोटी होती. सकाळी भरलेलं पाणी दुपारी मागं गेलेलं बघून तुम्ही घाबऱ्या आवाजात विचारलंत, "काहून आटलं गं एवढं पाणी?" विहिरी आणि तलाव बघितलेल्या माणसाचा प्रश्न होता तो. मी पोट धरून हसले. तुम्ही परत येईपर्यंत माझ्याशी बोलला नाहीत.

हसून विसरून गेले असते. पण एक गोष्ट तुम्ही खरी सांगितली होती, आणि तीच मला छळते. मी तेव्हा दहा वर्षांची असेन. चाच्यांकडं सोन्याचे हंडे असताना त्यांनी तुम्हाला साधी देगची का दिली, असं मी विचारलं. तुम्ही घास खाली ठेवलात. म्हणालात, "सोनंनाणं गोष्टीत असतंय. खरे लुटणारे हाताला लागंल ते नेतेत. भांडी, दोर, पिठाचं पोतं, गोधड्या. आन् मारामारी व्हत नाय. भ्यालेला माणूस आपणहून बाजूला हुतो." आई म्हणाली, "पोरीसमोर बास करा." तुम्ही उठून हात धुतलात. पुढं पुस्तकात हेच जसंच्या तसं सापडलं. चाच्यांची खरी लूट म्हणजे शिडाचं कापड, दोर, पीठ, औषधं, स्वयंपाकाची भांडी, आणि बहुतेक जहाजं न लढताच शरण येत. तुम्ही असलं पुस्तक कधी हातात धरलं नव्हतं. तोवर समुद्रही पाहिला नव्हता. मग हे तुम्ही कुठं पाहिलंत, अण्णा?

आई गेल्यावर देगची माझ्याकडं आली. शाळेतल्या उर्दूच्या बाई एकदा घरी आल्या होत्या, त्यांच्यापुढं मी ती ठेवली. त्यांनी चष्मा चढवून वाचलं. एका मुलीचं नाव, तिच्या वडिलांचं नाव आणि गाव, बिडकीन. "बाजी, ये तो जहेज की देगची है. आपके घर कैसे आई?" जहेज, म्हणजे मुलीला लग्नात द्यायची भांडी. रझाकारांच्या दिवसांत आपली माणसं गावं सोडून कशी पळाली, हे मी वर्गात तास तासभर शिकवलं. पोलीस ॲक्शननंतर मुसलमानांच्या घरांचं काय झालं, तो भाग मात्र मी भरभर उरकत असे. आता कळतं, मला तिथं थांबायची भीती वाटत होती. मी स्वतःला समजावलं की लुटीची भांडी लोक तुमच्याकडं नाव खरवडायला आणत असतील, आणि हे एक तुम्हाला खरवडवलं नसेल. असंही झालं असेल. मला असंच झालेलं हवं आहे.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं, कारण पुढचं तुम्हाला कळू नये असं वाटतं. गेल्या महिन्यात मी देगची पिशवीत घालून बिडकीनला गेले. दोन ठिकाणी विचारल्यावर घर सापडलं. जिचं नाव होतं ती अजून आहे, पाठीत वाकलेली. तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं. देगची बाजारात जुन्या भांड्यांत मिळाली, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "आमी शेतात लपलो व्हतो. परत आलो तर चुलीवरचा तवा बी नव्हता." सुनेनं चहा आणला. मग ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "नाव घालणारा औरंगाबादेहून आला व्हता. दोन दिस ह्याच ओसरीत बसून कोरीत व्हता, आमच्यातच जेवला. घरात काय कुठं हाय, त्याला समदं ठाव." तिनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग होता की नुसती म्हातारपणाची नजर, मला सांगता येत नाही. तिनं विचारलं, "तुमचे वडील काय करायचे, बाई?"

"जहाजावर होते," मी म्हणाले.

"म्हंजे लांब व्हते तवा."

"हो," मी म्हणाले. "लई लांब."