शुक्रवारचे आकडे

सोम. १२ जाने.
शलाकाच्या प्रबंधाचा मराठी सारांश तपासायला घेतला. मुदत ३१. उंदीर अंधाऱ्या पेटीत कळ दाबतो, क्षणभर दिवा लागतो, बस्स. खायला काही नाही. तरी दाबत राहतो. शेजारच्या, दिवा न लावणाऱ्या कळीकडे फिरकत नाही. तिनं याला ‘बक्षीस’ म्हटलंय. मी अडलो. "नुसता दिवा कसलं बक्षीस?" "बाबा, तुम्ही क्रिकेट बघता, त्यानं पोट भरतं?" शब्द ठेवला.

बुध. १४
लेक जेवली नाही नीट. दर शुक्रवारी उंदीर जवळपास दुप्पट वेळा कळ दाबतात. का, ते कळत नाही. तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, शुक्रवार गाळा. "गाळले तर का गाळले ते लिहावं लागेल ना, बाबा." खाणं, वेळ, खोली, सगळं रोजच्यासारखंच. मीही नोंदी दोनदा पाहिल्या.

शुक्र. १६
तिच्याबरोबर कॉलेजच्या प्रयोगशाळेत. तासभर बसलो, काही सापडेना. पिंजरे साफ करणारे अन्सारीचाचा (आधी वीस वर्षं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर) म्हणाले, "आज जुमा है ना साब. कारखाने बंद. सुनो."
ऐकलं. मागच्या गल्लीतली लूमची खटखट नव्हती. जन्म भिवंडीत गेला, ती असते हेच विसरलो होतो. शलाकाच्या टिपणवहीतही तिचा उल्लेख नाही.
शलाका : "चाचा, पहले क्यूँ नहीं बताया?"
"आपने पूछा कब? आप तो चूहों से पूछ रही थीं."
येताना रिक्षात हसत होती.

सोम. १९
तिचं म्हणणं, सगळं गप्प असलं की उंदरांना दिव्याची गंमत जास्त वाटत असेल. सर : "अंदाज छापत नाहीत." मी पेपरात आयुष्यभर तेच छापले. ठरलं : येत्या शुक्रवारी खोलीत लूमचा आवाज वाजवायचा. आकडे उतरले तर कारण शांतताच, शुक्रवार राहतील; नाहीतर गाळायचे. आवाज फोनवर घ्यायला चाचा गेले. तीन कारखाने नापसंत. "इसका पट्टा ढीला है, ये नहीं चलेगा."

शुक्र. २३
अकराला सुरू झालं असेल. निवडणूक निकालाच्या दिवशी पेपरात करायचो तसे सारांशाचे दोन्ही परिच्छेद लिहून ठेवले : एक शुक्रवार राहिले तर, एक गाळले तर. पहिला जरा जास्त बरा उतरलाय. चहा दोनदा. आज घरातही शांतता ऐकू येते. मागच्या शुक्रवारपर्यंत येत नव्हती.
फोन नाही अजून.
टेबलावरचा दिवा लावला. मालवला. परत लावला. भर दुपारी.