फळ्यावरचे मथळे

१२ जाने., सोम.
वाचनालयातल्या पडद्यावर आज बातम्या नाहीत. वर वाचनालयाचं नाव, खाली पांढरंफटक. वायर ढिली झाली असेल म्हणून हलवून पाहिली. मग दसऱ्याला यंत्राला लावतो तशी उदबत्तीही लावली. काही नाही. माझा जुना सोबती वामन बाकावर वाट पाहत. डोळे गेल्यापासून घराबाहेर पडतो तो एवढ्यासाठीच. मी मथळे वाचायचे, त्यानं प्रत्येकाला टोमणा मारायचा. म्हणे, "आज दुनियेत काईच झालं नाई का, भाऊ?" लवकर उठून गेला.

१३ जाने.
संगीताला अकोल्याला फोन. वाचनालयाचं इंटरनेटवरचं पान पोरीनंच बनवलेलं. "बाबा, ती साइट साऱ्या पेपरांचे मथळे गोळा करते. तिथून आपल्या पानावर आपोआप येत होते. आता दुसऱ्यांच्या पानांवर द्यायचं बंद केलं त्यायनं. आमच्याकडे येऊन वाचा म्हणतात."
दिवसभर हेच डोक्यात. कुठल्या मुलखातून कोणीतरी शेंदूरजनाघाटच्या भिंतीवर दुनिया ओतत होतं. मी नळाचं पाणी समजत होतो. कोणाचं म्हणून कधी विचारलं नाही.

१४, संक्रांत
पडद्यावर फक्त आपलंच पान लागतं, आणि फोनवरची बारीक अक्षरं मला लागत नाहीत. संगीताला म्हटलं, खडूनं फळ्यावर लिहू का त्यांचे मथळे? "कायद्याचं मले नाई माहीत. विचारून पाहा." साइटला अर्ज लिहिला, तिनं पाठवला. उत्तर येईस्तोवर फळा कोरा. वामन तिळगूळ घ्यायलाही आला नाही.

२२ जाने.
उत्तर नाही. वामनच्या घरी गेलो. खाटेवर पडून होता. "त्यायचं नाई तं आपलं लिही. कोन मना करते?"
म्हटलं, आपल्या गावात कोणती बातमी?
"काहून? चाल."
नाल्याकाठच्या संत्र्याच्या बागेत गेलो. हात मी धरला होता की त्यानं माझा, कोण जाणे. मधेच थांबला, नाक वर. "आंबिया फुटला." म्हणजे संत्र्याचा जानेवारीतला बहर. मला एक फूल दिसेना. फांदी वाकवली तेव्हा पानांआड एकच, नुकतं उमललेलं. काय म्हणावं या माणसाला.
फळ्यावर पहिला मथळा : नाल्याकाठी आंबिया बहार, वामनरावांनी वासावरून ओळखला.

२८ जाने.
लोक आपणहून बातम्या आणतात. कोणाची नात नर्स झाली, कोणाची म्हैस हरवून सापडली. वामन बाकावर, सगळ्यांना टोमणे. देवा, असंच राहू दे.

५ फेब्रु.
संगीता : "बाबा, आधी बसा." फळ्याचा फोटो कोणी फोनवर टाकलेला. तो अमरावतीच्या एका पेपरनं उचलला. पेपरवरून आपला मथळा त्याच साइटवर. शब्द तेच, स्वल्पविरामासकट. माझ्या बोटांचा खडू अजून गेला नव्हता.
वामनला सांगितलं. "म्हंजे माह्या नाकाची बातमी दुनियाभर?" मग हळूच, "आपल्याले विचारलं का त्यायनं?"
नाही.
"तू तं विचारलं होतं."

६ फेब्रु.
अर्जाचं उत्तर अजून नाही. आजचे मथळे लिहिले. तळाशी थोडी जागा उरली. 'खुशाल घ्या' लिहावं की 'विचारून घ्या'... खडू धरून उभा. मागून वामन :
"काय लिहून राहिला एवढा वेळ? वाच ना."