झाकणाच्या मापाची खुर्ची

बोरी, ता. ११ जानेवारी

चि. अर्पितास आजीचा आशीर्वाद. आमी समदे खुशाल हाव, माझे गुडघे सोडून. फोन केला असता, पण तुझा बाप कान लावून बसतो. साक्षरता वर्गात शिकलेलं कवा कामी यायचं? वेलांट्या मोजू नको.

तर मी माजी सरपंच दिनकररावची खुर्ची घेतली. त्याच्या सुनेनं भंगारवाल्याला दिली, मी फुटका हंडा देऊन गाड्यावरून उतरवली. याच खुर्चीपुढून आमी बाया चपला हातात घेऊन जायचो. हिरवा ऑइलपेंट खरडला तर खाली सागवान निघालं, दिनकररावच्या तोंडापेक्षा लय देखणं. रोज दुपारी पालिश पेपरनं घासायले.

कशाला, ते आईक. संडासात मला खाली बसता येईना, बसले तर उठता येईना. तुझी आई बबिता काखेत हात घालून उचलती. लाजंपायी मी पाणी पिणंच सोडलं. म्हणून सूर्यभान सुताराला म्हणलं, बैठकीला भोक पाड, खुर्ची भांड्यावर ठेवते. तो लाजला, माप कशाचं घेऊ म्हणे. मी भगुन्याचं झाकण दिलं. आता बबिता ते दुधावर ठेवंना.

तुझा बाप म्हणतो, सरपंचाच्या खुर्चीची इटंबना हाय. म्हणलं, बसणार मी, तुझं काय दुखायलंय? पालिश कोणतं मारू कळव. लोभ हाय तेवढा पुरे, पेपर धाड.

आजी दगडाबाई

परभणी, ता. १५ जानेवारी

ती. आजीस सा. न. वि. वि. झाकणाचं वाचून अख्खं होस्टेल हसलं. पाण्याचं वाचून मात्र राग आला. मला सांगायचं नाहीस होय?

लाखेचं पॉलिश मारू नकोस, पाणी लागलं की पांढरं पडतं. वार्निश मार, पहिला हात वाळल्यावरच दुसरा. भोकाची कड बारीक पेपरनं नीट घास, नाहीतर कुसळ नको तिथं शिरेल. डबा आणि पेपर जिंतूर गाडीच्या कंडक्टरजवळ दिलाय.

एक वाईट बातमी, बाबा फोनवर बोलून गेले. सुनेनं न विचारता विकली म्हणून दिनकरराव खुर्ची परत मागायलेत, आणि बाबा हो म्हणून बसलेत. रविवारी न्यायला येतील. आजी, उठू नकोस त्या खुर्चीवरून.

तुझ्या लोभात वाटेकरी नको असलेली,
अर्पिता

बोरी, ता. २३ जानेवारी

चि. अर्पितास आशीर्वाद. तुझं वार्निश पावलं.

रविवारी दिनकरराव फेटा बांधून, टेंपो घेऊन आला. खुर्ची अंगणात, वर मी गोधडी टाकलेली. चकाकी बघून म्हणाला, तरणी झाली की. आन् गोधडी उचलली. तुझा बाप कडुलिंबावरचे कावळे मोजायला लागला.

दिनकरराव कडाडला, हे काय केलं? म्हणलं, सरपंच, गुडघे वाकंनात, सोय केली. न्यायची तर न्या, पण कापलेलं लाकूड चुलीत गेलं.

त्यानं भोकाच्या कडंवरून बोट फिरवलं. मग बसला. हात न टेकता उठला. परत बसला. चहा बी तिथंच पिला. जाताना मला बाजूला घेऊन हळूच इचारलं, सुतार कोण?

टेंपो रिकामा गेला. काल सूर्यभान झाकण न्यायला आला. सरपंचाच्या घरातल्या दुसऱ्या खुर्चीला तेच माप पायजे म्हणे. झाकण देऊनच टाकलं, बबिता खूश. मी आता तांब्या तांब्या पाणी पिते, वर ताक बी. लोभ असला तर सुट्टीला ये, पण सकाळी पहिला नंबर माझा.

आजी दगडाबाई