चांदणीचं पोट

११ एप्रिल, दुपार
घोडीवाला कान्हू आणि त्याची बायको पुतळी सकाळीच रोह्याला गेले — लेकीचं बाळंतपण. त्यांची वरातीची घोडी, चांदणी, चार दिवस माझ्या परड्यात.

जाताना कान्हूने तीनदा बजावलं, "बाई, सुकं गवत. थोडं थोडं, दिवसभर. दुसरं काय बी नाय!" घोडी आहे की पथ्यावरची आत्या? अख्खं पेण पोह्यांवर पोसलंय, हिनेच काय पाप केलंय! गिरणीतल्या तुकडा पोह्यांचं घमेलं ठेवलं पुढे. चाटूनपुसून साफ. कान्हूला काही कळत नाही.

११ एप्रिल, संध्याकाळ
चांदणी बसते, उठते. मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघते. पायाने माती उकरते. अंगभर घाम. मी ओव्याचं पाणी उकळायला ठेवलं होतं — नशीब, आधी डॉक्टरला फोन केला.

ऋजुता आली. गुरांची डॉक्टर, माझीच जुनी विद्यार्थिनी. कुशीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिली.

"आवाजच नाही."

"म्हणजे शांत झालंय ना?"

"बाई, घोड्याचं पोट गप्प झालं की घाबरायचं. आतडी सारखी गुरगुरायला हवीत."

मग माझीच शाळा घेतली. एवढं धूड, पण जठर जेमतेम बादलीएवढं. खरा कारखाना मागे, मोठ्या आतड्यात — गवत तिथे आंबतं, त्यावर घोडं जगतं. म्हणून थोडं थोडं, दिवसभर. पोहे जठरातच फुगून बसतात. आणि घोड्याला ओकता येत नाही! मला निदान दर आठवड्याला पेपरात ओकायची सोय आहे — सदर म्हणतात तिला.

नाकातून नळी घालून तिने पांढरा लगदा काढला. इंजेक्शन दिलं. "काय घातलं होतंत?"

"पोहे."

चाळीस मुलांच्या वर्गाला गप्प करणारी माझी नजर — आज तिने माझ्यावर वापरली.

१२ एप्रिल
दाणा बंद, गवत बंद. तासातासाने तिला परड्यात फिरवायचं. जन्मात कुणाचं ऐकलं नाही, आज दिवसभर घोडीच्या कुशीला कान लावून उभी आहे.

कुंपणापलीकडून इंदुबाई, "काय गो, काय बोलते घोडी?"

"नाय बोलत. तोच घोर हाय."

उद्यापर्यंत पोट हललं नाही तर हातातून गेली, म्हणते ऋजुता.

कान्हूचा फोन. नात झाली! "चांदणी काय म्हनते, बाई?"

"मजेत."

वीस वर्षं लोकांच्या थापांवर लिहितेय. माझी एका शब्दात उरकली.

१३ एप्रिल
सकाळी सात. कुशीत गुरगुर! मग लीद. ढीगभर! इतक्या मनापासून मी एकाही सत्कार समारंभात टाळ्या वाजवल्या नाहीत.

ऋजुता म्हणाली, वाचली. मूठभर गवत दिलं. मूठभरच!

उद्या कान्हू येतोय. सगळं सांगणार. शब्द न शब्द.

१४ एप्रिल
सांगितलं. घमेल्यापासून "मजेत"पर्यंत. कान्हू चांदणीच्या मानेवरून नुसता हात फिरवत राहिला. मग खाली बघून म्हणाला, "बाई, निघताना लाडानं मीबी घमेलंभर पोहे घातले व्हते. वाटलं, तुम्ही शालेतल्या बाई. सांगितलं तेवढंच देनार."