शिलाई मशीन आणि रक्ताची एक नळी

मी, शाळेत विज्ञान शिकवणारी, घरातली पहिली पदवीधर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि राजीखुशीने लिहिते. शेजारी आत्या "काय खरडतेस गं?" म्हणून डोकावते आहे, तो दबाव धरू नये.

मला मरायची घाई नाही. एचआयव्ही मला जन्मतःच आईकडून आला. आईवडील दोघंही त्यातच गेले. माझ्या शरीराने मात्र औषधं सुरू होण्याआधीही विषाणूला वर्षानुवर्षं डोकं वर काढू दिलं नाही. डॉक्टरबाई म्हणतात, याला वारशाने आलेल्या एका जनुकाचा हातभार आहे. ते विषाणूचे तुकडे पेशीच्या दारावर टांगतं, म्हणजे शरीरातल्या शिपाई पेशींना कुठे धाड घालायची ते कळतं. हमी नसते, पण मदत होते.

१. माझा देह संशोधनाला द्यावा. रडारड थोडक्यात उरकावी, संशोधकांना देह वेळेत लागतो.

२. पुस्तकं शाळेला. सगळ्यात जाड पुस्तक मामाच्या पलंगाच्या पायाखाली आहे, ते आधी सोडवावं.

३. जनुक कुणाकडचं, हे भांडण मिटवावं. मामा म्हणतो, "आमच्याकडे कुणाला साधी सर्दी होत नाही." आत्या म्हणते, "तुमच्याकडे यायला सर्दीलाही नको वाटतं!" मामाने रक्त दिलं, त्यात ते जनुक नाही. एका भावंडाकडे असलेलं दुसऱ्याकडे येतंच असं नाही, म्हणून तो अजून हरलेला नाही. आता आत्याचं रक्त हवं. जन्मभर सुईवर घर चालवलेल्या आत्याला इंजेक्शनची सुई दिसली की दुकानात ताटकळलेलं गिऱ्हाईक आठवतं.

४. म्हणून, आत्याने रक्ताची एक नळी दिली तरच माझ्या पहिल्या पगाराची शिलाई मशीन तिला मिळेल.

सहीपूर्वीची जोड: कलम चार वाचून डॉक्टरबाई भडकल्या. "लालूच दाखवून घेतलेलं रक्त आम्हाला चालत नाही." मी वकिलांना फोन लावला. बोलता बोलता ते म्हणाले, मृत्युपत्रातून ज्याला काही मिळणार, त्याला साक्षीदार करत नाहीत. आत्याने माझ्या हातातलं पेन ओढलं.

"आण, मीच होते साक्षीदार. मशीन घाल चुलीत! पोरीसाठी रक्त द्यायला मला मशीन लागते होय?"

स्थळ: दवाखाना, रक्त घ्यायची खोली
दिनांक: शाळेच्या सुट्टीतला पहिला सोमवार
मृत्युपत्र करणारी: आत्याची भाची
साक्षीदार १: आत्या (सही डाव्या हाताने, उजवा नर्सच्या ताब्यात, डोळे घट्ट मिटलेले)
साक्षीदार २: नर्स (डोळे उघडे)