ढब्बू छातीवर का चढला

वन्सं,

तुमच्या भावाला डॉक्टरांकडे नेतेय, कपाळाला टाके पडणार. ढब्बू त्यांच्या छातीवर चढला तो मस्तीनं नव्हे. लढाईतल्या स्फोटात डोक्याला मार बसल्यापासून ते असे घाबरून थरथरायला लागतात. तेव्हा अंगावर वजन टाकून त्यांना शांत करायचं, हेच त्या कुत्र्याला शिकवलेलं काम आहे. तुम्ही त्याला झाडूनं हाकलून बाथरूममध्ये कोंडलंत. मी दुकानातून येईपर्यंत तुमचा भाऊ टेबलाखाली डोकं आपटत होता. वर मलाच ऐकवलंत, "कुत्रं फार डोक्यावर बसवलंयस." बसवलंय. माणसांपेक्षा शहाणं आहे म्हणून.

जेवण झाकून ठेवलंय, जेवून घ्या. आल्यावर ते तुमच्याशी हसून बोलतील, कारण त्यांना यातलं काही आठवणार नाही. मला आठवेल.