आयवे, तालुका कुठला?

दोहा, ७ फेब्रुवारी २००२

ताहेरुन्निसा फुफूस,
सलाम वि. वि.

आंबोशी पोचली. निम्मी अब्बांनी एकट्यानं संपवली.

आता माझं रडगाणं. जियादच्या अम्मींनी काल अबू हमूरला त्यांच्या घरी चहाला बोलावलं. म्हणाल्या, मुलगी पसंत आहे, पण आयवेकरांचं आयवे आहे कुठे? रोह्यापासून राजापूरपर्यंत विचारलं, कुणालाच माहीत नाही. गावाचा पत्ता नाही तिथे सोयरीक कशी करायची? अब्बांनी तुझ्याकडे बोट दाखवलं. मी तर इथेच जन्मले, पण व्हिसा संपला की चला, यल्ला! मग मी कुठली गं? ऑफिसात बसवत नाही, घरी झोप नाही. लवकर लिही.

लोभ आहेच, आंबोशीतून कळला.
तुझी भाची,
रिफत


दाभोळ, १९ फेब्रुवारी

रिफतीस खूप दुवा.

काय गो, त्या बाईला सून हवी की सातबारा? सांग, आयवे खाडीत बुडालं! कोण बघायला जातंय?

खरं तर मलाही ठाऊक नाही. माझा पणजा अय्यूब जहाजावरचा सुतार. जहाज फुटलं, तो इथे किनाऱ्याला लागला, कलमा पढला, इथलाच झाला. दिसायला गोरा, म्हणून लोक अरब समजायचे. गाव विचारलं की 'आयवे' म्हणायचा. लोकांनी 'कर' लावून टाकला.

गाय व्यायली. वासरू तुझ्यासारखंच, एका जागी ठरत नाही. 'कंबास, कंबास' ओरडून घसा बसला. शेजारची रुकैया अजून हसते, गुरांना अशी हाक फक्त आयवेकरच मारतात म्हणून.

जेवत जा. माया आहे, म्हणून बोलते.
ताहेरुन्निसा


दोहा, ६ मार्च

फुफू,
सलाम वि. वि.

बसून वाच. लंचला मी तुझी 'कंबास' सगळ्यांना ऐकवली. आमचा अमेरिकन इंजिनिअर डॅरिल खायचा थांबला. त्याचे आजोबा गाईंना 'कम, बॉस' म्हणून बोलवायचे. कुठे? आयोवात! आयोवा, फुफू! आजोबा त्याला 'आयवे'च म्हणायचे. अमेरिकेच्या मधोमध, जिथून समुद्र दिसतसुद्धा नाही. आपण त्याला 'कर' लावला!

अब्बा म्हणाले, गप्प बस, लग्न मोडेल. पण बुडालेलं गाव माझ्या तोंडून निघेना. जियादच्या अम्मींना सगळं सांगून टाकलं. जियाद गालिचा बघत बसलेला. मग त्यांनी विचारलं, तो गाईला हाक कशी मारायचा? मी त्या दिवाणखान्यात ओरडले, कंबास! त्यांचा चहा सांडला, इतक्या हसल्या. म्हणाल्या, गाव आहे ना? मग लांब असेना का. खलास, ठरलं, तारीख काढा.

मला मात्र अजून चैन नाही. सारखा नकाशा उघडते. अय्यूब तिथून का निघाला असेल गं?

लोभ राहू दे, बेचैन भाचीवर जरा जास्त.
रिफत


दाभोळ, २० मार्च

रिफतीस दुवा.

का निघाला? वासराला विचार.

कार्ड छापायला टाकलं. मूळ गाव आयवे, असं ठसठशीत लिहायला सांगितलं. छापखानेवाल्यानं तालुका विचारला. म्हटलं, जागा कोरी सोड. आमची मुलगी जाऊन बघून येणार आहे.

तुझी,
ताहेरुन्निसा फुफू